आईच्या गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन रोबोटने करावं, की पोट उघडूनच केलेलं बरं?

तुमच्या आईंचं वय 62, वजन जास्त, आणि इंदूरच्याच डॉक्टरांनी रोबोट सुचवलाय, असं तुम्ही लिहिलंय. दोन वर्षांपूर्वी आमच्या सासूबाईंचं असंच होतं. पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली, अचानक अंगावरून लाल गेलं. बायोप्सीत पिशवीच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. आम्ही रामबागेत राहतो, भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, "मशीनच्या हाती देऊ नका."

मशीन स्वतःहून काहीच करत नाही. सर्जन कन्सोलवर, म्हणजे बाजूच्या नियंत्रणाच्या टेबलाशी, बसून हात हलवतात, तसे त्याचे हात हलतात. पोटावर सेंटिमीटरभराची चार-पाच छिद्रं पाडतात आणि पिशवी तुकडे न करता खालच्या वाटेने अख्खी काढतात. ती तुकडे न करता निघणार ना, हे जरूर विचारा. कॅन्सरमध्ये त्याला फार महत्त्व आहे. जाड पोटावर मोठी चीर दिली की जखम चिघळायची भीती असते, म्हणून अशा बायकांना छिद्रांचं ऑपरेशन खरंच सोसतं. सासूबाई तिसऱ्या दिवशी घरी आल्या.

पण रोबोटच्या आधी एक गोष्ट पक्की करा: कॅन्सर अस्तराचा आहे की गर्भाशयाच्या मुखाचा? घरात आपण दोन्हींना "पिशवीचा कॅन्सर" म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो. लवकर सापडलेला अस्तराचा असेल तर छिद्रांची पद्धत आता रूढ आहे. मुखाचा असेल तर सावध राहा. 2018 मध्ये 631 बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. साडेचार वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका पोट उघडलेल्यांत 96.5 टक्के होत्या, छिद्रांवाल्यांत 86. त्यात बहुतेक ऑपरेशनं दुर्बिणीची होती, रोबोटची थोडी. तरी माझ्या आत्याचा मुखाचा निघाला तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडायचं म्हटलं आणि आम्ही हो म्हटलं.

ऑपरेशनभर डोकं खाली, पाय वर असं ठेवतात, म्हणून हृदय-फुफ्फुसाची तपासणी टाळू नका. खर्च साध्या दुर्बिणीपेक्षा बराच जास्त येतो. अस्तराच्या कॅन्सरला साधी दुर्बीणही चालते, तेव्हा पैशांची ओढाताण असेल तर मोकळेपणाने तसं सांगा. आणि मध्येच पोट उघडावं लागलं तर ते कोण करणार, हे सही करण्याआधी विचारून घ्या.