बेस गिटारसाठी जुन्या धाटणीचे फझ पेडल निवडताना

आपण विचारले आहे की आपल्याकडे चार तारांची पॅसिव्ह (आत बॅटरीवरचे मंडल नसलेली) बेस आहे, बँडमध्ये आणखी दोन गिटारवादक आहेत आणि आपल्याला साठ-सत्तरच्या दशकांतल्या फझचा, म्हणजे मुद्दाम फाटका, गुरगुरता केलेला आवाज हवा आहे. तेव्हा फझ फेस, टोन बेंडर आणि बिग मफ यांपैकी कोणत्या धाटणीचे पेडल घ्यावे, आणि त्यातला आवाज वाढवणारा सुटा भाग, म्हणजे ट्रान्झिस्टर, जर्मेनियमचा असावा की सिलिकॉनचा? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. रशियन बनावटीच्या बिग मफच्या धाटणीचे, सिलिकॉनचे आणि मूळ स्वच्छ आवाज मिसळण्याची सोय असलेले पेडल घ्यावे. गेली अनेक वर्षे बेसवर फझ वाजवताना मी बाकीचे दोन्ही प्रकार मनापासून वापरून पाहिले आहेत आणि त्यांच्यावर माझा लोभही आहे, पण दोन गिटारांच्या बँडमध्ये पहिलेच पेडल घेणाऱ्याला मी दुसरे काही सुचवणार नाही.

कारण समजण्यासाठी फझ बेसचे नेमके काय करतो ते पाहावे लागेल. खुल्या ई तारेचा मूळ स्वर साधारण 41 हर्ट्झचा असतो. फझ त्या लहरीचे माथे आणि तळ कापून टाकतो, त्यामुळे वरच्या पट्टीतले असंख्य उपस्वर (मूळ स्वरासोबत वाजणारे उंच स्वर) जन्माला येतात. हे उपस्वर म्हणजेच फझची गोडी, परंतु एकूण आवाजातला मूळ स्वराचा वाटा तेवढ्याने घटतो आणि बोटाने तार छेडतानाचा ठोकाही सपाट होतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेखाली दोरा नीट बसला की जवारी बोलू लागते, उपस्वर झळाळतात आणि तरीही खालचा खर्ज भरीव राहतो. दोरा चुकला तर नुसता झणझणाट उरतो. यंत्रणा वेगळी असली तरी कानाला फझ बेसचा अनुभव अगदी तसाच येतो, आणि म्हणून पेडल निवडताना पहिला प्रश्न खर्ज किती उरतो हाच असायला हवा.

फझ हे गिटारचे लेणे आहे आणि बेसवाल्यांनी ते उसने घेतले, असा समज बराच पसरलेला आहे. प्रत्यक्षात उगम वेगळा आहे. मार्टी रॉबिन्स यांच्या 1961 साली आलेल्या ‘डोन्ट वरी’ या गाण्याच्या नॅशव्हिलमधल्या ध्वनिमुद्रणात ग्रेडी मार्टिन सहा तारांची बेस वाजवत होते. ध्वनिमुद्रणाच्या कन्सोलच्या (मिक्सरच्या) एका चॅनलमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि त्यांचा तुकडा फाटक्या, गुरगुरत्या आवाजात टेपवर उतरला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच आवाज मुद्दाम काढणारे मंडल (सर्किट) जुळवले, गिब्सन कंपनीने ते घेतले आणि 1962 मध्ये माएस्ट्रो फझ-टोन बाजारात आला. तेव्हा बेसवर फझ हवासा वाटणे यात काहीच आडवळणाचे नाही. मात्र फझ-टोन किंवा जपानच्या शिन-एईचे कंपॅनियन या पेडलांचा आवाज पातळ आहे. दोन गिटारांच्या खाली उभे राहण्याइतका खर्ज त्यात उरत नाही, म्हणून ती नावे यादीतून वगळावीत.

टोन बेंडर 1965 मध्ये लंडनमध्ये गॅरी हर्स्ट यांनी बनवला, आणि पुढच्याच वर्षी तिथल्याच आर्बिटर कंपनीचा गोल डब्यातला फझ फेस आला. फझ फेसमध्ये अवघे दोन ट्रान्झिस्टर आहेत आणि त्याचा इनपुट इम्पिडन्स (येणाऱ्या संकेताला होणारा विद्युत विरोध) फार कमी आहे, त्यामुळे बेसचे पिकअप आणि पेडल एकमेकांवर थेट परिणाम करतात. आपली बेस पॅसिव्ह असल्यामुळे हा आपल्या बाजूचा मुद्दा ठरतो: बेसवरचा व्हॉल्यूम थोडा उतरवला की फझ मवाळ होतो, पुन्हा चढवला की गुरगुरतो. परंतु त्याच्या आधी ट्यूनर किंवा बफर (संकेताला बळ देणारे मंडल) असलेले कोणतेही पेडल ठेवले, की ही जादू जाते आणि आवाज कर्कश होतो. एकट्या बेसला, घरात, रात्री हळू आवाजात वाजवण्यासाठी याहून सुंदर पेडल मी ऐकलेले नाही. बँडमध्ये मात्र ड्रम सुरू झाले की त्याचा तळ विरघळून जातो.

जर्मेनियमविषयी अधिक सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या हवेत तो प्रश्न गंभीर आहे. जर्मेनियम ट्रान्झिस्टरमधून थोडा प्रवाह सतत गळत असतो आणि तापमान साधारण 10 अंश सेल्सियसने वाढले की ही गळती जवळपास दुप्पट होते. लंडनच्या थंडीत जुळवलेला बायस (ट्रान्झिस्टरच्या कामाची विद्युत जुळणी) नागपूरच्या मे महिन्यात टिकेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. माझ्या जर्मेनियम पेडलने नागपुरातच एका बंद हॉलमधल्या दुपारच्या सरावात मान टाकली होती. तिसऱ्या पडद्यावरचा जी वाजवला तर स्वराचे आधी तुकडे पडायचे, मग तो लांबण्याऐवजी कात्रीने कापल्यासारखा मधेच तुटायचा. डब्याला हात लावला तर तो तापलेला होता. पेडल कूलरच्या झोतासमोर नेऊन ठेवले आणि वीस मिनिटांनी तोच जी पुन्हा पूर्ण लांबीने वाजू लागला. शिवाय जुन्या जर्मेनियम मंडलांमध्ये बऱ्याचदा पॉझिटिव्ह ग्राउंड असते (विजेची जोडणी इतर पेडलांच्या उलट असते), म्हणजे ती इतर पेडलांबरोबर एकाच अडॅप्टरच्या साखळीत जोडता येत नाहीत. जर्मेनियम घ्यायचेच असेल तर बायसची खुंटी (नॉब) बाहेरच्या बाजूला असलेले घ्यावे आणि ते बॅटरीवर चालवावे.

आता बिग मफ. न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्सने हे पेडल 1969 च्या सुमारास आणले. त्यात चार सिलिकॉन ट्रान्झिस्टरचे टप्पे आहेत, मधल्या दोन टप्प्यांत डायोड नावाचे छोटे सुटे भाग लहरीला कापतात आणि त्यामुळे स्वर सनईसारखा अखंड लांबतो. नव्वदच्या दशकात याच कंपनीची सोवटेक नावाची आवृत्ती रशियात, हिरव्या रंगाच्या मोठ्या धातूच्या डब्यात बनू लागली आणि बेसवादकांनी तिला उचलून धरले, कारण तिचा आवाज कमी टोचणारा आणि तळाला जास्त भरलेला आहे. मूळ हिरव्या डब्याच्या मागे लागू नये. तेव्हाच्या पेडलांमध्ये एकासारखे दुसरे वाजत नाही, त्यांच्या किमती वारेमाप वाढल्या आहेत आणि स्विच किंवा जॅक निकामी झाला तर दुरुस्तीची दगदग वेगळी. कंपनीने 2017 मध्ये त्याच धाटणीचे छोट्या डब्यातले पेडल पुन्हा काढले आहे. ते आपल्या कामाला पुरेसे आहे.

बिग मफचा एक दोष मात्र आधीच ओळखून ठेवावा. त्याची टोनची खुंटी मध्यावर असताना 1,000 हर्ट्झच्या आसपासचा भाग खोल दबलेला असतो. एकट्याने वाजवताना हे फार भव्य वाटते, आणि दोन गिटार व झांजा सुरू झाल्या की बेस जणू खोलीतून निघून जाते. टोन घड्याळातल्या नऊ-दहाच्या जागी ठेवावा, सस्टेन (फझ आणि स्वराची लांबी ठरवणारी खुंटी) आपल्याला आवडतो त्यापेक्षा थोडा कमी ठेवावा, आणि उरलेला मधला भाग अँपवरून वाढवावा.

खरा उपाय मात्र स्वच्छ आवाज मिसळण्याचाच आहे. 1965 च्या ‘थिंक फॉर युवरसेल्फ’ या बीटल्सच्या गाण्यात फझ बेस ऐकू येते, आणि तिच्याखाली पॉल मकार्टनी यांनीच वाजवलेली साधी बेसही आहे. खर्ज एकीने सांभाळला आणि बोलण्याचे काम दुसरीने केले. रंगमंचावर आपल्याला हे एका बेसमध्ये करायचे आहे. बेस बिग मफमध्ये स्वच्छ आवाज मिसळण्यासाठी ‘ड्राय’ स्विच आहे, तर त्याच्या डिलक्स आवृत्तीत मिश्रणाची वेगळी खुंटीच आहे. हातातल्या पेडलात ही सोय नसेल, तर बॉसच्या एलएस-2 सारख्या लाइन सिलेक्टरने दोन वाटा करून पुढे एकत्र आणता येतात. तसे करताना एक गोष्ट जरूर तपासावी: मिश्रण निम्म्यावर आणल्यावर खर्ज वाढण्याऐवजी घटला, तर दोन्ही वाटांच्या लहरी एकमेकींच्या उलट आहेत असे समजावे, आणि फेज उलटवणारा स्विच असलेले दुसरे साधन घ्यावे.

दुकानात जाताना स्वतःचीच बेस न्यावी. आधी पेडल बंद व चालू असताना आवाजाची पातळी सारखी करून घ्यावी, कारण मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो आणि तिथेच बहुतेकांची निवड चुकते. मग खुली ई एकदाच छेडून ती विझेपर्यंत थांबावे आणि शेवटच्या दोन सेकंदांत स्वर बारीक होत जातो की फरफरत तुटतो ते ऐकावे. त्यानंतर आपल्या बँडच्या सरावाचे, बेस नसलेले ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावून त्याबरोबर वाजवावे. हे शेवटचे करताना दुकानदाराचा संकोच वाटतो, तरी करावे, कारण एकट्या पेडलने मला अनेकदा फसवले आहे.

अँपविषयी आपण काहीच लिहिलेले नाही. स्पीकरच्या डब्यात ट्विटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) असेल तर फझ वाजवताना तो बंद किंवा अगदी कमी करावा, अन्यथा वरचे उपस्वर कानाला टोचतात. कार्यक्रमात बेस अँपऐवजी डीआय बॉक्समधून (वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डब्यातून) मिक्सरला जात असेल तर फझच्या नंतर कॅबिनेट सिम्युलेटर (स्पीकरच्या डब्याच्या आवाजाची नक्कल करणारे साधन) लागेल, किंवा ध्वनियंत्रकाला 4,000 ते 5,000 हर्ट्झच्या वरचा भाग कापायला सांगावे लागेल. आपण यांपैकी कोणत्या पद्धतीने वाजवता ते कळवलेत, तर खुंट्या कुठे ठेवाव्यात तेही नेमके लिहीन.