किल -९ दिल्यावरही पोर्ट अडकून राहतो, मग सर्व्हिस बंद-चालू करायची तरी कशी?

तुम्ही लिहिलंय की तुमचा स्वतःचा छोटा सर्व्हर ८०८० पोर्टवर बॅकग्राउंडला चालतो. तो बंद करायला तुम्ही 'किल -९' ही प्रोसेस (चालू प्रोग्राम) जबरदस्तीने मारणारी कमांड देता, आणि परत सुरू केला की 'ॲड्रेस ऑलरेडी इन यूज' अशी एरर येते. रीबूट केल्याशिवाय ती जात नाही.

गडबड त्या -९ मध्येच आहे. ९ नंबरचा सिग्नल, म्हणजे सिगकिल, तुमच्या प्रोग्रामला कधी कळतच नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, प्रोसेस परस्पर संपवतो. आवराआवर करायला तिला क्षणभरही मिळत नाही. हातातली रिक्वेस्ट अर्धवट तुटते, पीआयडी (प्रोसेसचा नंबर) लिहिलेली फाइल तशीच पडून राहते, आणि तिने फोर्क केलेले, म्हणजे स्वतःची प्रत काढून उभे केलेले वर्कर मागे जिवंत राहतात. पालक प्रोसेसने उघडलेला सॉकेट (पोर्टवर ऐकायचं दार) फोर्कबरोबर मुलांकडेही जातो. त्यामुळे पालक गेला तरी मुलं तोच पोर्ट धरून बसतात.

मी यात एकदा अख्खी संध्याकाळ घालवली आहे. शेवटी कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय ते दाखवणारं 'सुडो एसएस -एलटीएनपी' चालवलं, तर ८०८० समोर मी मारलेला पीआयडी नव्हताच; त्याच्या लगेच पुढचे चार नंबर होते. प्रोसेसची यादी देणाऱ्या 'पीएस'मध्ये त्या चौघांचा पालक दिसत होता १, म्हणजे खरा पालक गेल्याने ते पोरके झाले होते. तुम्हीही आधी हेच बघा. ऐकणारं कुणीच दिसलं नाही आणि तरी एरर आली, तर 'एसएस -टीएएन' मध्ये टाइम-वेट अवस्थेतली, म्हणजे बंद होऊनही काही काळ नोंद उरलेली, जुनी कनेक्शन शोधा. लिनक्सवर ती ६० सेकंदांत आपोआप जातात. तेवढंही थांबायचं नसेल तर कोडमध्ये बाइंडच्या (सॉकेट पोर्टला जोडण्याच्या) आधी एसओ-रीयूजॲडर हा पर्याय लावा.

नुसतं 'किल' दिलं की १५ नंबरचा सिगटर्म जातो. तो प्रोग्रामला पकडता येतो, आणि सर्व्हरने तो पकडलाच पाहिजे असं माझं ठाम मत आहे. नवी कनेक्शन घेणं थांबवायचं, चालू कामं पुरी करायची, वर्करना बंद करून ते संपेपर्यंत थांबायचं, मगच बाहेर पडायचं. हे वीस-पंचवीस ओळींचं काम आहे, ते टाळू नका.

त्यानंतर सिस्टमडीची, म्हणजे लिनक्सवर सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या प्रोग्रामची, युनिट फाइल (सर्व्हिसची सेटिंग फाइल) लिहा. त्यात प्रोग्रामचा पूर्ण पाथ द्या, तो कोणत्या यूझरने चालवायचा ते लिहा, आणि प्रोग्राम फोरग्राउंडलाच चालू द्या. प्रोग्राम बॅकग्राउंडला ठेवायला लावलेलं 'नोहप' आणि कमांडच्या शेवटचं अँपरसँड (&) दोन्ही काढून टाका. 'सिस्टमसीटीएल स्टॉप' दिलं की सिस्टमडी आधी सिगटर्म पाठवतो, सहसा ९० सेकंद वाट बघतो आणि मगच सिगकिल वापरतो. तेही त्या सर्व्हिसच्या कंट्रोल ग्रुपमधल्या (तिच्या सगळ्या प्रोसेसच्या गटातल्या) सगळ्या प्रोसेसना, त्यामुळे पोरके वर्कर उरत नाहीत. 'स्टार्ट' फक्त आत्तापुरतं असतं. मशीन सुरू होताना सर्व्हिस यावी म्हणून 'इनेबल' वेगळं द्यावं लागतं. युनिट फाइल बदलली की ती परत वाचायला लावणारं 'डेमन-रीलोड' विसरू नका.

एकदा सर्व्हिस सिस्टमडीच्या ताब्यात दिली की बंदही त्याच्याकडूनच करा. युनिटमध्ये 'रीस्टार्ट' 'ऑलवेज' असेल तर हाताने किल केलेली प्रोसेस क्षणात परत उभी राहते आणि माणूस चक्रावतो. 'स्टॉप' दिल्यावरही सर्व्हिस परत येत असेल तर तिच्या जोडीचं सॉकेट युनिट (तिच्या वतीने पोर्टवर ऐकणारं सिस्टमडीचं युनिट) चालू आहे का ते बघा. पहिलं कनेक्शन येताच ते सर्व्हिसला उठवतं.

फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टमवर हेच काम 'सर्व्हिस' कमांड करते, फक्त आरसी-डॉट-कॉन्फ या सेटिंग फाइलमध्ये सर्व्हिस इनेबल नसेल तर 'वनस्टार्ट' म्हणावं लागतं. मॅकवर त्यासाठी लाँचसीटीएल आहे.

आणि कधी दूरच्या मशीनवर एसएसएचडीची (दुरून लॉगिन करू देणाऱ्या सर्व्हिसची) सेटिंग बदलून रीस्टार्ट करायची वेळ आली, तर आधी 'सुडो एसएसएचडी -टी' ने फाइल तपासा आणि चालू सेशन उघडंच ठेवा. दुसऱ्या टर्मिनलमधून नवं लॉगिन झालेलं डोळ्यांनी बघेपर्यंत पहिलं बंद करू नका.

आत्ता अडकलेल्या पोर्टसाठी मात्र रीबूट नको. एसएसमध्ये दिसणाऱ्या वर्करच्या नंबरांना साधं 'किल' द्या, यादीतून ८०८० गेला की सर्व्हर सुरू करा. त्यातला एखादा हललाच नाही, तर त्या एकट्याला -९.