हापशीचा फ्लोराइड फिल्टर: माध्यम शेवटचं कधी धुतलं ते आधी विचारा

पांढरकवड्याकडच्या बोअरला 2.8 पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) फ्लोराइड, हापशीला अ‍ॅल्युमिनाची (फ्लोराइड धरून ठेवणारे दाणे, यालाच ‘माध्यम’ म्हणतात) टाकी बसून दोन वर्षं झाली, भिंतीवर ‘पिण्यायोग्य’चा कागद, आणि तरी फिल्टरचं पाणी 2.6. आता घरी आरओ घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. आमच्याकडे हेच झालं होतं. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइड 1 पीपीएमपर्यंत असावं, दुसरा पर्याय नसेल तर फार तर 1.5, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

टाकी बिघडलेली नाही, भरलेली आहे. आपल्याकडच्या खारट-अल्कली पाण्यात एक किलो अ‍ॅल्युमिना साधारण 1 ते 2 ग्रॅम फ्लोराइड धरतो. कंपनीच्या कागदावर याहून जास्त लिहिलेलं असतं, ते विसरा. टाकीत 100 किलो धरा. 2.8 चे 1 करायचे म्हणजे लिटरमागे 1.8 मिलिग्रॅम. दीड ग्रॅमच्या हिशोबाने 83 हजार लिटर. रोज दोन हजार लिटर उपसा असेल तर चाळीस-एक दिवसांत खेळ खल्लास. पुढचे बावीस-तेवीस महिने ती टाकी म्हणजे नुसता पाइप.

संबंधित कार्यालयात विचारायला जा, उत्तर ठरलेलं: “अहवाल चांगला आहे.” अहवाल कुठला? नवं माध्यम भरलं त्या दिवशीचा! फिल्टरमध्ये जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या, दोन्हीकडच्या पाण्याचे नमुने कोणी घेत नाही, धुण्याची जबाबदारी कोणाच्याच कागदावर नसते. म्हणून पत्रात ‘फिल्टर खराब आहे’ असं लिहू नका. माध्यम किती किलो, शेवटचं पुनरुज्जीवन (म्हणजे धुणं) कोणत्या तारखेला, त्यानंतरचे दोन्हीकडचे आकडे किती, एवढं लेखी मागा आणि पोच घ्या.

धुणं म्हणजे 1 टक्का कॉस्टिक सोडा, मग साधं पाणी, मग पातळ सल्फ्युरिक आम्ल, पीएच 7 च्या आसपास येईपर्यंत. ठेकेदार आम्लाची पायरी गाळतात. मग पाणी बोटांना बुळबुळीत लागतं, अ‍ॅल्युमिनियम विरघळून येतं आणि माध्यम फ्लोराइड धरतच नाही. कॉस्टिकचं धोवण नाल्यात सोडू देऊ नका, महिन्याभराचं फ्लोराइड त्यातच असतं. पक्क्या खड्ड्यात चुना टाकून साका बसवायचा. हे गावकऱ्यांनी हौसेनं करायचं काम नाही, कॉस्टिक डोळ्यांत गेलं तर महागात पडतं.

नमुना प्लास्टिकच्या बाटलीत, पाच मिनिटं हापसून झाल्यावर, त्याच पाण्याने बाटली विसळून. पाणी अ‍ॅल्युमिना किंवा तुरटीतून आलंय हे प्रयोगशाळेला सांगाच; विरघळलेलं अ‍ॅल्युमिनियम स्पॅडन्स पद्धतीचा (रंगावरून फ्लोराइड मोजायची पद्धत) आकडा खाली ओढतं.

गावात उघडी विहीर असेल तर तिचं पाणी आधी तपासा. बहुधा बोअरपेक्षा फ्लोराइड कमी निघतं. जंतूंसाठी क्लोरीन मात्र घालावंच लागेल. माझ्या मते आरओच्या आधी हे. उकळून काही उपयोग नाही, उलट पाणी आटून प्रमाण वाढतं. तरोट्याची (टाकळ्याची) भाजी, दूध कॅल्शियमसाठी जरूर द्या, पण पाणी बदलल्याशिवाय त्यावर विसंबू नका. फ्लोराइडमुळे मुलांच्या दातांना काही झालं असेल तर ते दंतवैद्यांना विचारा, मी डॉक्टर नाही.

आरओ घेतलाच तर त्यातला ‘टीडीएस कंट्रोलर’ (टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) पूर्ण बंद करून घ्या. त्यातून कच्चं पाणी गाळलेल्यात मिसळतं, चव येते आणि फ्लोराइडही. मेकॅनिक टीडीएस मीटर दाखवून समजूत काढेल. त्या मीटरला फ्लोराइड वेगळं दिसत नाही.