कणीस नको, ताट बघ

लेका,

मालदांडी ज्वारीचं घरचं बियाणं सुधारायचं म्हणतोस, तर जरूर सुधार. एम 35-1 हा नावाजलेला वाण तरी दुसरं काय, मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रावर गावरान मालदांडीतून निवडून काढलेलीच. फक्त खळ्यावरच्या ढिगातून टपोरी कणसं वेचायची खोड आधी सोड. ते कणीस बांधाकडेच्या ओलीवर पोसलंय, की शेजारची दोन ताटं, म्हणजे ज्वारीची धाटं, मेल्यामुळं, हे ढिगात कळत नाही. आणि ओल काही बियाण्यातून उतरत नाही.

निवड उभ्या पिकात करायची. कडेच्या पाच-सहा ओळी सोड. आपल्याकडं रान वर मुरमाड, खाली काळं. सरसकट निवडलंस तर सगळी ताटं खालच्याच टोकाची येतील. म्हणून सुतळीनं 10 बाय 10 मीटरचे चौकोन आख आणि प्रत्येकातून शेजाऱ्यांपेक्षा सरस अशी तीन-चार ताटं धर. भोवती तूट असेल ते ताट नको.

ज्वारी निसवली, म्हणजे कणीस बाहेर पडलं, की फुलोऱ्याआधीच कणसाला बटरपेपरची पिशवी घाल. फुलं शेंड्याकडून खाली उमलत येतात, त्यामुळं दोन दिवस उशीर झाला तरी शेंड्यानं परका पराग घेतलेला असतो. दाणा धरला की पिशवी काढ, नाहीतर आत मावा आणि अळ्या माजतात. ताटाला चिंधी बांधून ठेव.

काढणीला कणीस वेगळं ठेवून खालच्या दोन पेरांना उभा छेद दे. गाभा कुजून धागे सुटलेत, त्यांवर बारीक काळे ठिपके आहेत, म्हणजे खडखड्या. कणीस कितीही देखणं असो, बाद. मात्र हा रोग दाणे भरताना ओल तुटली की उठतो. ओल भरपूर असलेल्या वर्षी खोड निरोगी दिसलं तर हुरळू नकोस, त्याची परीक्षाच झालेली नसते.

शंभरेक कणसं झाली की एकत्र मळू नकोस. पुढच्या सप्टेंबरात एका कणसाची एक ओळ: पाच मीटर लांब, दोन ओळींत 45 सेंटीमीटर अंतर, दोन-तीन ग्रॅम बी पुरे. दर दहावी ओळ तुलनेसाठी जुन्या बियाण्याची. उरलेलं बी नंबर टाकून डब्यात जप, कारण ओळींत पराग मिसळतो. ओळ सरस ठरली, तर वाढवायचं ते डब्यातलं बी. कडबाही ओळीवार तोल. आपल्याकडं नुसत्या दाण्यावर वाण टिकत नाही.

काणी, म्हणजे दाण्याच्या जागी काळी भुकटी भरणारा रोग, टाळण्यासाठी पेरणीआधी किलोभर बियाण्याला 4 ग्रॅम 300 मेश (बारीक भुकटीचं) गंधक चोळ, जुन्या बियाण्यालाही. नाहीतर तुलना खोटी पडेल.