वाचकांचे प्रश्न : सुखोई असताना इतर विमाने कशासाठी?

प्रश्न : माझा मुलगा वायुदल भरतीची तयारी करतो. त्याच्या मते सुखोई-३० सर्वच कामे करते. मग जग्वार, तेजस आणि मालवाहू विमानांवर खर्च का करायचा?
– एक वाचक, मुतगे (ता. बेळगाव)

उत्तर : चिरंजीवांचे म्हणणे निम्मे खरे आहे. सुखोई-३० एमकेआय हवेत लढते, जमिनीवर मारा करते आणि ब्राह्मोस क्षेपणास्त्रही वाहून नेते. मात्र ही सर्व कामे ते एकाच उड्डाणात करीत नाही. सुमारे अडीच टनांचे ब्राह्मोस पोटाखाली टांगले की विमानाची चपळाई घटते आणि शत्रूची विमाने आडवी आली, तर संरक्षणासाठी सोबतच्या विमानांवर भिस्त ठेवावी लागते. म्हणजे त्या दिवसापुरती विमानाची भूमिका उड्डाणापूर्वी जमिनीवरच ठरते. (शस्त्रे चढविण्याचे हे जोखमीचे काम वायुसैनिकच करतात, हे बेळगावजवळच्या सांबऱ्याच्या वायुसैनिक प्रशिक्षण केंद्राचे स्वप्न पाहणाऱ्याने अवश्य लक्षात ठेवावे.)

जग्वार मुळातच जमिनीलगत वेगाने उडत शत्रूच्या हद्दीत खोलवर मारा करण्यासाठी बनले. हवाई द्वंद्व हा त्याचा प्रांत नव्हे. तेजसचे कमाल उड्डाणवजन साडेतेरा टन, तर सुखोईचे जवळपास ३९ टन. साहजिकच तेजसचा पल्ला आणि भार कमी, पण प्रत्येक कामगिरीवर अवजड, दोन इंजिनांचे विमान पाठविणे कोणत्याही वायुदलाला परवडणारे नसते.

मालवाहू विमानांविषयीची शंका मात्र आम्हाला मान्य नाही. बेळगावात प्रशिक्षण घेतलेल्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाला लडाखमध्ये रसद हवी असेल, तर तेथे सुखोईचा काय उपयोग? सी-१७ हे अवजड मालवाहू विमान सुमारे ७० टन भार नेते, परंतु लडाखमधील दौलत बेग ओल्डीसारख्या सोळा हजार फुटांहून उंच, कच्च्या धावपट्टीवर २० ऑगस्ट २०१३ रोजी उतरले ते त्याहून लहान सी-१३०जे. इतक्या उंचीवर हवा विरळ असल्याने पंखांना मिळणारी उचल आणि इंजिनांची ताकद दोन्ही घटतात. म्हणून तेथे किती भार न्यायचा, याचा हिशेब फार काटेकोरपणे करावा लागतो.

याशिवाय, पृथ्वीच्या वक्रतेमुळे जमिनीवरील रडारला दूरवरून कमी उंचीवर येणारे विमान दिसत नाही. तेच ‘नेत्रा’सारख्या टेहळणी विमानाला उंचावरून दिसते, आणि त्याने दिलेल्या माहितीच्या आधारे सुखोईचा वैमानिक योग्य दिशेला वळतो.