एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली की वायरलेस माऊस अडखळतो आणि कीबोर्डची अक्षरं गळतात, मालवणच्या दमट हवेमुळे खराब झाले असतील का?

हवेमुळे नाही, माऊसचा तो छोटा रिसीव्हर हार्ड डिस्कच्या शेजारच्या पोर्टमधून काढा आणि यूएसबी एक्स्टेंशन केबलने हातभर लांब, टेबलावर माऊसजवळ आणून ठेवा, बहुतेक तेवढ्यानेच काम होईल. कारण असं की यूएसबी ३.० ची डिस्क, तिची केबल आणि पोर्ट चालू असताना २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात, आणि तुमचा रिसीव्हर नेमका त्याच पट्ट्यात ऐकत असतो, इंटेलने २०१२ मध्ये यावर सविस्तर पेपरच काढलाय. एक्स्टेंशन नसेल तर आज निदान रिसीव्हर दुसऱ्या बाजूच्या पोर्टला लावून बघा, आणि डिस्कची केबल स्वस्तातली असेल तर चांगली शिल्डवाली, म्हणजे गोंगाट अडवणारं धातूचं आवरण असलेली घ्या, त्यानेही खूप फरक पडतो. नवा माऊस घ्यायची घाई मात्र कृपया करू नका.

फक्त एक, डिस्क काढल्यावरही त्रास होत असेल तर मग तुमची शंका बरोबर असू शकते. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत सेलच्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर धरतो, पावसाळ्यात तर जास्तच. सेल काढून त्या स्प्रिंग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच नवे सेल घाला. आणि ब्लूटूथवाला माऊस घेतला तरी डिस्कमुळे होणारा पहिला त्रास जाईलच असं नाही, तोही २.४ वरच चालतो.