आधी खर्रा थुंका, मग संवाद म्हणा

नाट्यशाळेत गेलो नाही, आता कसं? या महिन्याची बहुतेक पत्रं याच काळजीची आहेत. म्हणून सलग उत्तरं देतो.

अभिनयाचं शिक्षण नाही. नट होता येईल का? (ब्रह्मपुरी)

येईल. गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, ती झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांच्या, मंचावरच्या कामासाठी.

बारावीनंतर थेट एनएसडीला (दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात) जाता येतं का? (लाखनी)

नाही. पदवी लागते, नाटकांत काम केल्याचा अनुभवही लागतो. नियम त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा, चौकातल्या जाणकाराकडून ऐकू नका.

नागपूरच्या हॉटेलात ऑडिशन झाली. मालिकेत नायकाच्या भावाची भूमिका पक्की म्हणतात. कार्ड आणि पोर्टफोलिओचे ३५ हजार मागतात. कापूस विकून भरू का? (आर्णी)

भरू नका. काम देणारा पैसे देतो, मागत नाही. हे मी किती वेळा लिहायचं? कलाकार संघटनेचं कार्ड हवं असेल तर संघटनेकडे स्वतः अर्ज करा. मधला माणूस कशाला? आणि कार्ड मिळालं म्हणून भूमिका मिळत नाही. फोटो मोबाइलवर निघतात: दिवसाच्या उजेडात, साध्या कपड्यांत, एक समोरून, एक बाजूने. ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर आत्ता १९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा. दोन दिवस वाट पाहिलीत तर पैसे दुसऱ्याच्या खात्यातून तिसऱ्याच्या खात्यात गेलेले असतील. कुठलाही करार आला तर सहीआधी वकिलाला दाखवा.

चार महिन्यांपासून आवाज बसलाय. कोणी कच्चं अंडं सांगतं, कोणी ज्येष्ठमध. खर्रा खातो, पण प्रयोगात जागं राहण्यापुरताच. (कुरखेडा)

भाऊ, त्या ‘पुरताच’वर मी अडलो. पण आधी आवाज. गिळलेला घास स्वरयंत्रात जातच नाही, अन्ननलिकेत उतरतो. अंडं खा, पोटासाठी खा. कुजबुजून बोललं की घशाला आराम मिळतो, हेही ऐकीव. कुजबुजण्यानेही ताण पडतो. प्रयोगाआधी ‘गळा मोकळा करणारं’ इंजेक्शन कोणी सुचवलं तर त्याच्या वाटेला जाऊ नका. तीन आठवड्यांत आवाज परत आला नाही की कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्र दुर्बिणीने तपासून घ्यायचं असतं. तुम्ही चार महिने काढले! गाठी असतील, त्याहून वाईटही असू शकतं. सीझन संपू द्या म्हणाल. दिवाळीला सुरू झालेला झाडीपट्टीचा सीझन होळीपर्यंत चालतो. रात्रभर प्रयोग, उजाडलं की गाडीत, दुसऱ्या रात्री दुसरं गाव. तोवर थांबू नका.

आता खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटायचा आणि गालात धरायचा, हे नटमंडळींत इतकं रुळलंय की ग्रीनरूमचे कोपरे लाल असतात. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर कडक होत जातं आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडतं. आरशासमोर उभे राहा, स्वतःची तीन बोटं उभी धरून वरच्या-खालच्या दातांमध्ये घालून पाहा. जात नाहीत? मग शेवटच्या रांगेतल्या म्हातारीला तुमचा ‘आ’ ऐकू कसा जाणार? आखडलेलं अस्तर सहसा पूर्ववत होत नाही, खर्रा सोडला तर पुढची वाढ रोखता येते, आणि त्यातून कर्करोगाचा धोका आहेच. बोटं गेली तरी दंतवैद्याला दाखवा. नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. जागं राहायला चहा प्या, दुपारी झोपा. आवाजाचे व्यायाम मी शिकवीन, पण डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन या.

वडशाच्या नाटक कंपनीने भूमिका देऊ केली. मी सतरा वर्षांची, बारावीला आहे. घरचे नाही म्हणतात. (आरमोरी)

बेटा, यंदा घरचे बरोबर आहेत. सीझन आणि बोर्डाची परीक्षा एकमेकांवर येतात. परीक्षा झाली की बाबांना सोबत घेऊन कंपनीमालकाला भेट. विचार: नाइट (प्रयोग) किती, एका नाइटचे किती, मुक्काम कुठे, बायांची झोपायची सोय वेगळी आहे का, परतीच्या गाडीत सोबत कोण. उत्तरं कागदावर घे. तोंडी ‘पाहून घेऊ’ म्हणणाऱ्याकडे जाऊ नको.

वऱ्हाडी बोलीमुळे ऑडिशनमध्ये नाकारतात का? (दर्यापूर)

बोलीमुळे नाही. प्रमाण मराठी अजिबात न आल्यास, हो. रोज पेपर मोठ्याने वाचा. ‘डोळा’चा ‘डोया’ होतो तो सरावाने सुटतो. जीभच अडखळत असेल तर वाचा-उपचार तज्ज्ञाला दाखवा, ‘भाषाशुद्धी’च्या क्लासची फी भरू नका.